पहिला नंबर कोणाचा

बडोद्यात उत्तरायणाच्या दिवशी घर फोडायला फारशी अक्कल लागत नाही. 14 जानेवारीला सकाळपासून अख्खी सोसायटी पतंग उडवायला गच्चीवर असते. उंधियू बाहेरून येतो, त्यामुळे स्वयंपाकघरात कोणी नसतं. पुढचं दार नुसतं लोटलेलं, कारण मुलं सारखी पाण्याला नाहीतर फिरकीला खाली पळतात. वर प्रत्येक गच्चीचा वेगळा स्पीकर, त्यावर पिपाण्या, त्यावर ‘काप्यो छे!’च्या आरोळ्या. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे तेच सगळं उरलेल्या चिक्कीसकट. अशा वेळी आमच्या घरातला 110 डेसिबलचा सायरन वाजला, तर आमच्याच गच्चीवर कोणी मान वळवणार नाही. शेजारच्यांना वाटेल, यांच्याकडे यंदा नवी पिपाणी आलेली दिसते.

हे आम्हाला अलार्म बसवायला आलेल्या मुलानेच सांगितलं. भिंतीला भोक पाडता पाडता म्हणाला, “बेन, उत्तरायणना दिवसे आना पर भरोसो नहीं राखवानो.” आपल्या मालाची मर्यादा पहिल्याच तासात सांगून टाकणारा माणूस मला आवडला. सायरन चोराला धरत नाही, फार तर दचकवतो. जवळपास माणूस असावा, त्याने ऐकावं, आणि ऐकून काहीतरी करावं, एवढ्या तीन गोष्टी जमल्या तरच भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्याला अर्थ. यातली एकही गोष्ट डब्याबरोबर येत नाही.

लग्न होऊन मी आले ती दांडिया बाजारातल्या वाड्यात. दिंडी दरवाजा रात्री अडसर घालून बंद, दिवसा सताड उघडा. आत इतकी बिऱ्हाडं की अनोळखी माणूस मधल्या चौकापर्यंत पोचेतो त्याला चार जणांनी ‘कोण पाहिजे?’ विचारलेलं असे. वाड्यातले ते दिवस फार सुरक्षित होते असं मात्र मी म्हणणार नाही. आमचा तांब्याचा बंब भर दुपारी गेला, आणि नेणाऱ्याला कल्हईवाला समजून दोघांनी वाट करून दिली. तरी तिथे घर कधी रिकामं नसे, एवढं खरं. बडोद्यातल्याच अकोट्याच्या ड्युप्लेक्समध्ये आलो आणि ते संपलं. आम्ही दोघं नोकरीवर, मुलगा बंगळूरला, सासूबाई माझ्या नणंदेकडे गेल्या की दहा ते सहा घरात फक्त फ्रिजचा आवाज. मी निवृत्त झाले तेव्हा मुलाने हट्टच धरला. अलार्म बसवा, पैसे मी देतो.

एवढी वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवल्यावर भिंतीवर लागलेली वस्तू नुसती वापरणं मला जमत नाही. ती आतून कशी आहे ते कळल्याशिवाय तिच्यावर विश्वास बसत नाही, आणि कळल्यावर कधीकधी आणखी कमी बसतो. त्या मुलाने एक फुटका दारसेन्सर मला ठेवायला दिला. आत बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, नळीत लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकींवर आलेली, मधे केसाएवढी फट. नळी कानाजवळ धरायची आणि चुंबक हळूहळू जवळ आणायचा. अगदी बारीक ‘टिक्’ ऐकू येतं. पट्ट्या चिकटल्या. चुंबक लांब नेला की पुन्हा टिक्. याला रीड स्विच म्हणतात, आणि तो 1936 साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवुडने बनवला. नळी चौकटीवर, चुंबक दाराच्या फळीवर. दार बंद आहे तोवर पट्ट्या चिकटलेल्या आणि वीज फिरत राहते. दार उघडलं, चुंबक गेला, प्रवाह तुटला, की पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याला, कळतं.

म्हणजे सगळं ठीक असतं तेव्हाच प्रवाह चालू असतो. चोराने शहाणपणा करून तार कापली तरी प्रवाह तुटणार आणि भोंगा वाजणारच. त्याहून हुशार चोर तार कापण्याऐवजी दोन टोकं जोडून टाकेल, म्हणून तारेच्या शेवटी एक छोटा रोध, म्हणजे रेझिस्टर, बसवतात. पॅनेल तेवढाच रोध शोधत असतं. कमी झाला तरी ओरडतं, जास्त झाला तरी. हा रोध शेवटी, सेन्सरच्या आत हवा. कामाचा कंटाळा करणारे लोक तो पॅनेलच्या डब्यातच लावून मोकळे होतात, मग त्याचा काही उपयोग उरत नाही. आपल्याकडे तारा ओढायला कोणी येईल तेव्हा एवढं विचारा, ‘रेझिस्टर कुठे लावणार?’ विचारलं की काम बरं होतं, असा माझा अनुभव.

या सगळ्याची सुरुवात एका धर्मगुरूने केली. मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिल गावच्या ऑगस्टस रसेल पोप या पाद्र्याने 1853 साली विजेच्या अलार्मचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की प्रवाह सुरू व्हायचा आणि विद्युतचुंबकाला जोडलेली हातोडी घंटेवर आपटायला लागायची. चोराने घाबरून दार पुन्हा लावलं तरी घंटा थांबत नसे. चार वर्षांनी, 1857 साली, एडविन होम्सने ते हक्क विकत घेतले आणि त्याचा धंदा केला. पुढे घराघरांतून तारा ओढून त्याने एका मध्यवर्ती कचेरीत आणल्या आणि तिथे रात्रभर माणसं बसवली. नुसत्या घंटेवर भागत नाही हे त्याला लवकर कळलेलं दिसतं.

दारं झाली. दुसरा सेन्सर हॉलच्या कोपऱ्यात, छताच्या जरा खाली. त्याला सगळे ‘मोशन सेन्सर’ म्हणतात, पण बसवणाऱ्या मुलाचं म्हणणं जास्त बरोबर होतं. “आ माणसने नथी जोतुं, गरमीने जुए छे.” आपल्या अंगातून अवरक्त किरण बाहेर पडत असतात, साधारण नऊ-दहा मायक्रॉन लांबीचे. ते पकडणारा स्फटिक आत असतो, एकमेकांच्या विरुद्ध जोडलेल्या दोन तुकड्यांचा. खोलीभर उष्णता सारखी वाढली तर दोघांचं म्हणणं एकमेकांना खोडून काढतं. ऊब एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकली तरच फरक पडतो. पुढचं दुधी प्लॅस्टिकचं भिंग खोलीचे पंख्याच्या आकाराचे पट्टे पाडतं, आणि आपण पट्टे ओलांडत गेलो की तो पेटतो. आडवं चाललं की लगेच पकडतो. सरळ त्याच्याच दिशेने हळू गेलं तर बराच वेळ गप्प राहतो. म्हणून तो दारासमोर लावू नये, दाराच्या बाजूच्या भिंतीवर लावावा. काचेतून त्याला दिसत नाही, कारण खिडकीची काच हे किरण अडवते; बाहेर अंगणात कोण आहे ते तो सांगणार नाही.

पॅनेलमध्ये ‘वॉक टेस्ट’ नावाची सोय असते, सायरन न वाजता नुसता सेन्सरवरचा दिवा लागतो. मे महिन्यातल्या एका दुपारी मी ती करून पाहिली. बाहेर 43 अंश, पडदे ओढलेले, भिंतीला हात लावला तर ऊन ऊन. सासूबाई झोपाळ्यावरून बघत होत्या. मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, दिवा लागला, पण रोजच्यापेक्षा उशिरा. कारण सोपं आहे: माणसाच्या कातडीचं तापमान तेहतीस-चौतीसच्या आसपास, आणि भिंत तेवढीच तापली तर सेन्सरला आपण आणि भिंत यांत फारसा फरक दिसत नाही. चांगल्या सेन्सरमध्ये याची भरपाई करायची व्यवस्था असते, स्वस्तात नसते. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे चोराने उन्हाळ्यात यायचं.” मग सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन त्या स्वतः एक फेरी मारून आल्या. दिवा लागला. त्यांना जरा वाईटच वाटलं.

उलट कधी कधी तो नको तिथे जागा होतो. पाल चक्क भिंगावरच येऊन बसली, तर इतक्या जवळून तिचा तो आकार पट्टेच्या पट्टे झाकून टाकतो. यंत्र बिघडलं म्हणून लोक तक्रार करतात. ओल्या फडक्याने भिंग पुसून ट्यूबलाइट जरा लांब घेतली, तर किडे येत नाहीत आणि किड्यांमागे पालही येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो घरातल्या माणसांची मांडणी करण्यात. घर रिकामं असताना सगळं चालू ठेवायचं, हे सोपं. रात्री माणसं आत असताना काय? कोण कुठे झोपतं, कोण कधी उठतं, कोणत्या दाराने बाहेर जातं, हे ठरवून पॅनेलला सांगावं लागतं. आम्ही सांगितलं: रात्री वरच्या मजल्यावर माणसं, खालच्या खोलीत आई, म्हणजे सासूबाई, हॉलमध्ये कोणी नाही. पहिल्याच रात्री हॉलचा सेन्सर पेटला आणि सायरनने सोसायटी उठवली. आई रात्री उठतात हे मला माहीत होतं. उठून हॉलमध्ये झोपाळ्यावर तासभर बसतात, हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

“अहो आई, झोप येत नाही का?”

“येते गं. पण मधेच संपते.”

मग हॉलचा सेन्सर रात्रीच्या यादीतून काढला. दारं, खिडक्या आणि गच्चीवरून खाली येणारा जिना, एवढंच रात्री चालू. यंत्राच्या सोयीसाठी आईंनी खोलीत पडून राहावं अशी एक सूचना घरातून आली होती. ती मी मोडून काढली.

बाहेरून आत येताना किती वेळ द्यायचा तेही असंच. दार उघडल्यापासून कोड दाबेपर्यंत सहसा तीस सेकंद देतात, तोवर कीपॅड पीप पीप करत राहतो आणि शेवटच्या दहा सेकंदांत घाई करायला लागतो. धडधाकट माणसाला तीस पुरतात. आमच्या ह्यांच्या हातात भाजीची पिशवी, चष्मा शर्टाच्या खिशात आणि चपला दाराबाहेरच काढायच्या हा बाणा. आम्ही पंचेचाळीस केले. चोरालाही पंधरा सेकंद जास्त मिळाले म्हणा, पण रोज वाजणारा सायरन मग खऱ्या रात्रीही कोणी मनावर घेत नाही.

कोडचं प्रकरण मला फार आवडलं. कारखान्यातून येताना बहुतेक 1234 असतो, आणि तो तसाच ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. आमच्या पॅनेलवर एकदा सकाळी बघते तर चारच बटणं पिवळी. आई फोडणी टाकता टाकता मागचं दार उघडायला आल्या होत्या, हळदीच्या बोटांनी. चार वेगळे आकडे कळले की क्रम उरतात फक्त चोवीस. हळद नसली तरी वर्ष-दोन वर्षांत तीच चार बटणं गुळगुळीत होऊन चमकायला लागतात, ती बॅटरीच्या उजेडात तिरकी बघा, स्पष्ट दिसतात. म्हणून कोड अधूनमधून बदलायचा, आणि एखादा आकडा दोनदा येईल असा घेऊ नये असं काही नाही. उलट चमकणारी बटणं तीनच दिसली तर क्रम छत्तीस होतात. हा हिशेब मी सगळ्यांना सांगत सुटले होते. कोणी ऐकत नाही.

जबरदस्तीचा कोडही असतो. कोणी मानेवर सुरा ठेवून ‘बंद कर’ म्हटलं, तर हा वेगळा कोड दाबायचा. अलार्म बंद झाल्यासारखा वाटतो, आणि आतल्या आत फोन लागतो. कल्पना चांगली आहे. आईंचं म्हणणं, मानेवर सुरा असताना मला माझं नाव आठवलं तरी पुष्कळ.

आणि कामाला येणाऱ्या बेनचा कोड. प्रत्येक माणसाला वेगळा कोड देता येतो, आणि कोणी किती वाजता उघडलं त्याची नोंद राहते. मुलाने फोनवर सांगितलं, “आई, तिला वेगळा दे, म्हणजे ती कधी येते-जाते ते कळेल.” वेगळा दिला. नोंद मात्र मी बघत नाही, आणि त्याच्या मोबाइलवर तिच्या सूचना जाणं बंद करायला लावलं. ज्या बाईच्या हातात आम्ही आईंना सोडून लग्नकार्याला जातो, तिची मिनिटं बंगळुरात बसून मोजायची, हे मला पटत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत, 1860 च्या कायद्यात, 445 व्या कलमात घरफोडीचे सहा प्रकार सांगितले होते. भोक पाडून, चढून, कुलूप उघडून, असे. त्यांत साथीदाराने उघडून दिलेल्या वाटेने शिरणंही होतं. ती शंका कायद्याने घ्यावी, त्याचं कामच ते. रोज चहा एकत्र पिणाऱ्याने घ्यायची तर मग चहा बंद करावा.

ऑगस्ट 2024 चा पूर आला तेव्हा या यंत्राची खरी परीक्षा झाली. विश्वामित्री नदी 35 फुटांच्या पुढे गेली, अकोट्यात तळमजल्यांत पाणी शिरलं, आमच्या शेवटच्या पायरीला लागून थांबलं. वीज गेली ती आलीच नाही. पॅनेलमध्ये 12 व्होल्टची, 7 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते, स्कूटरच्या बॅटरीची भावंड. तासाभराच्या लोडशेडिंगला ती ठीक आहे, दिवसांच्या पुराला नाही. दुसऱ्या दिवशी पॅनेल मिनिटाला एकदा ‘टुक्’ करायला लागलं, मग तेही थांबलं. या बॅटऱ्यांना ऊन सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. जिन्याखालच्या बंद कपाटात पॅनेल लावलं असेल तर बॅटरी आहे असं समजायचं, असेलच असं नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदलून टाकावी, आणि मधे एकदा मेन स्विच बंद करून तिच्यावर सायरन किती वेळ चालतो ते पाहावं.

त्या दिवसांत 27 ते 29 ऑगस्टमध्ये वन खात्याने वस्त्यांतून 24 मगरी पकडल्या. आमच्याकडे नाही आली. पण वरच्या मजल्यावर अंधारात बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, हॉलमध्ये मगर शिरली तर आमचा सेन्सर, जिवंत असता तरी, काय म्हणाला असता? तिचं अंग पाण्याइतकंच थंड, चाल संथ, आणि पोट जमिनीला. काहीच म्हणाला नसता. मी हे मोठ्याने बोलले, ते कोणालाही आवडलं नाही.

पाणी ओसरल्यावर त्या मुलाला पुन्हा बोलावलं. बॅटरी बदलली, आणि सिमकार्डही. पॅनेलच्या आत एक सिम असतं, सायरनबरोबर ते दिलेल्या नंबरांना फोन लावतं. जुनी पॅनेलं 2जी वर चालतात, आणि ज्या कंपनीचं जाळं मुळात 4जी पासूनच सुरू होतं तिचं सिम त्यात घालून काही होत नाही. शिवाय ते रिचार्ज करावं लागतं. पॅनेलच्या सिमचा रिचार्ज संपल्याचा मेसेज पॅनेललाच येतो, आणि तो वाचणारं कोणी नसतं. मी कॅलेंडरवर गॅसच्या नोंदीखाली त्याची तारीख लिहून ठेवते.

“पहेलो नंबर कोनो?” त्याने विचारलं. त्या क्रमाने फोन लागतात, पहिला उचलला नाही तर दुसरा. आम्ही आधी मुलाचा दिला होता, कारण पैसे त्याचे. पण बंगळुरात रात्री अडीचला फोन वाजून तो काय करणार? परत आम्हालाच फोन. मग पलीकडच्या मासींना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या, पण कलमं घालून. आत येणार नाही. आधी आपल्या ओट्यावरचा दिवा लावणार, खिडकीतून मोठ्याने ओरडणार, 100 नंबर फिरवणार, मग बघू. यापेक्षा शहाणा माणूस मी शेजारात पाहिला नाही. चोर आत असताना धावून जाणारे नंतर दवाखान्यात सापडतात. आणि शेवटचं कलम: “पण बेन, राते वाग्युं ने खोटुं नीकळ्युं, तो चा तमारी!”

श्रावणात मागच्या दाराचं लाकूड फुगतं, मग ऊन पडलं की आकसतं, आणि चुंबक नळीपासून जरा दूर जातो. दोन दिवसांची उघडीप मिळाली आणि रात्री सोसाट्याचा वारा सुटला. दार हललं, पट्ट्या सुटल्या, सायरन सुरू. मी जिन्यात येईपर्यंत मासींचा दिवा लागलेला होता आणि त्या खिडकीतून “कोण छे? पोलीसने फोन करुं छुं!” म्हणून ओरडत होत्या. त्यांच्याकडचे काका फाटकापाशी फरशी पुसायचा दांडा घेऊन उभे, अंगात बनियन. आई झोपाळ्यावर. मी कोड दाबून आवाज बंद केला तेव्हा त्यांचं वाक्य ऐकू आलं, “वारा आहे, वारा आहे, कधीची सांगतेय.”

चहा झाला, आलं घालून. काकांनी दांडा भिंतीला टेकवून मागच्या दाराचा सेन्सर बघितला, चुंबक पाव इंच सरकवायला सांगितला, तो सरकवला. मासी म्हणाल्या, आमच्याकडेही आता हे बसवायचं चाललंय, पण पहिला नंबर तुमचा द्यावा तर तुमची झोप एवढी गाढ, सायरन तुमच्या घरात आणि आधी जागी झाले मी.

“माझा द्या,” आई म्हणाल्या. “मी जागीच असते.” आणि झोपाळ्याच्या उशीखालून आपला बटणांचा फोन काढून काकांपुढे धरला. त्यांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता.